आधी पाणी पाहा, मग पक्षी: हिवाळ्यातल्या पाणथळ फेरीची तयारी

नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात भिगवणला जाऊन "रोहित (फ्लेमिंगो) दिसलेच नाहीत" म्हणत परतणारे लोक दरवर्षी असतात. त्या दिवसांत भिगवणजवळचं उजनी धरण काठोकाठ भरलेलं असतं. रोहितांना पाय टेकवून चरता येईल अशी उथळ जागाच तिथे उरलेली नसते. तेच पाणी जानेवारी-फेब्रुवारीत मागे हटतं, गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि तिथेच थवे उतरतात. म्हणून कुठे जायचं हे ठरवण्याआधी एकच गोष्ट विचारा: तिथलं पाणी सध्या किती खोल आहे आणि ते चढतंय की उतरतंय?

प्रत्येक पाणपक्ष्याला आपल्या पायांच्या आणि चोचीच्या मापाचं पाणी लागतं. टिलवे, चिखल्या हे छोटे पक्षी ओल्या गाळावर आणि दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात टिपत फिरतात. शेकाट्या वीतभर पाण्यातही आरामात चालतो. थापट्या, तलवार बदक, गार्गनी ही पाण्यात डोकं बुडवून शेपटी वर करणारी बदकं; त्यांची मान तळापर्यंत पोचायला हवी, म्हणून ती फूटभर खोलीच्या आसपास दिसतात. बुडी मारणाऱ्या पोचार्ड बदकांना आणि वारकरी (कूट) पक्ष्यांना कमरेइतकं पाणीही चालतं. एकदा हे डोक्यात बसलं की नव्या तळ्यावर पोचल्यावर कोणत्या कोपऱ्यात काय शोधायचं ते पाहताक्षणी कळतं.

पाण्याची माहिती कुठून काढायची

मोठ्या धरणांचा साठा रोज वर्तमानपत्रात येतो, पण तो नीट वाचावा लागतो. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. बातमीतली टक्केवारी या उपयुक्त साठ्याची असते. म्हणूनच उन्हाळ्यात "उजनी उणे तीस टक्के" असं छापून येतं, तेव्हाही धरणात भरपूर पाणी असतं. आकडा शंभरच्या वर असेल तर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या काठांवर गाळ दिसणार नाही. बदकं, कुरव (गल), सुरय (टर्न) यांसाठी जायला हरकत नाही. रोहित आणि चिखलातले पक्षी मनात असतील तर आकडा खाली येऊ द्या.

नांदूर मध्यमेश्वरचं गणित वेगळं आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठला. त्यातून बेटं, उथळ डबकी आणि पाणकणसाची रानं तयार झाली. या उथळपणामुळेच ते पक्ष्यांना मानवलं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. इथून गोदावरीचे डावे-उजवे कालवे निघतात, त्यामुळे शेतीचं आवर्तन सुटलं की पातळी झपाट्याने बदलते. आदल्या आठवड्यात गाळावर भरगच्च दिसलेले पक्षी आवर्तनाच्या काळात दुसऱ्याच टोकाला सापडतात. निघण्याच्या आदल्या दिवशी चापडगाव किंवा खाणगाव थडीच्या स्थानिक गाइडला फोन करून "पाणी सोडलंय का?" एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. अभयारण्याच्या वेळा आणि प्रवेशशुल्कही त्याच फोनवर विचारून घ्या.

ठाणे खाडीत पातळी ठरवते ती भरती-ओहोटी. पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि रोहित दूरवर विखुरतात. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की ते आसपासच्या पाणथळींवर विसावायला जातात. या दोहोंच्या मधला काळ साधावा. पाणी चढत असताना काठाशी उभे राहिलात तर ते पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटींच्या वेळाही भरतीवरच ठरतात.

गावतळ्यांना कोणतीही आकडेवारी नसते, आणि शिकायला सर्वांत चांगली जागा तीच. घरापासून अर्ध्या तासाच्या आतलं एक तळं किंवा पाझर तलाव निवडा आणि नोव्हेंबर ते मार्च दर पंधरवड्याला जा. पाणी उतरत जाईल तसे पक्षी कसे बदलतात ते पाच महिन्यांत डोळ्यांसमोर घडतं. मोठ्या ठिकाणच्या चार सहलींतून एवढं शिकायला मिळत नाही.

कोणता महिना

ऑक्टोबरमध्ये चिखलातले पक्षी, धोबी (वॅगटेल) पक्षी आणि पहिली बदकं येतात. पण नवशिक्यांनी बदकांसाठी घाई करू नये, कारण या काळात बहुतेक नर बदकांची पिसं मादीसारखी तपकिरी असतात. वीणीनंतर पिसं झडून आलेला हा तात्पुरता वेश असतो. थापट्या आणि तलवार बदकाचे नर डिसेंबरच्या सुमारास रंग धरतात. गार्गनी नर तर फेब्रुवारीपर्यंत मळकटच दिसतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दोन महिने ओळख पक्की करायला उत्तम. पट्टकादंब (बार-हेडेड गूज) आणि चक्रवाकही याच काळात भरवशाने दिसतात.

पोचायची वेळ आणि उजेड

जानेवारीत नाशिक-पुण्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेसहाला काठावर असावं. बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर झोपतात. सकाळचा पहिला तास-दीड तास त्यांची शेवटची हालचाल, उतरणारे थवे, आवाज हे सगळं मिळतं. दहानंतर दोन अडचणी येतात. पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते आणि दुर्बिणीतून लांबचा पक्षी वितळल्यासारखा दिसतो. शिवाय वारा सुटून लाटा उठतात आणि झोपलेली बदकं त्यांत हरवतात. दुपारी विश्रांती घ्यावी आणि चार वाजता परत यावं.

सूर्य कायम पाठीशी हवा. सकाळी पाण्याच्या पूर्व काठावर उभे राहून पश्चिमेकडे बघा, संध्याकाळी उलट. उजेडासमोर उभे राहिलात तर चमकत्या पाण्यावर प्रत्येक पक्षी काळा ठिपका दिसतो आणि रंगावरून केलेली ओळख हमखास चुकते. होडीत असाल तर नावाड्याला सुरुवातीलाच सांगा: "सूर्य पाठीमागे राहील असं घ्या."

रस्त्याबद्दल एक सूचना. हा ऊसतोडीचा हंगाम असतो. पहाटेच्या अंधारात आणि धुक्यात भिगवण काय, निफाड काय, मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. पंधरा मिनिटं आधी निघा, पण वेगाने जाऊ नका.

दुर्बीण

८×४२ किंवा १०×४२ यांपैकी एक घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ८×४२ मध्ये दृश्य रुंद मिळतं, हात थरथरला तरी चालतं आणि पहाटेच्या कमी उजेडात चित्र जास्त उजळ दिसतं. १०×४२ ने लांबची बदकं जवळ येतात, पण हात स्थिर लागतो. एकच दुर्बीण रानातही आणि पाण्यावरही वापरायची असेल तर ८×४२ घ्यावी, असं आमचं मत. १२ पट, २० पट अशा हातात धरायच्या दुर्बिणी घेऊ नका. चित्र सतत हलतं आणि दहा मिनिटांत डोकं दुखतं. मोठ्या जलाशयावर खरा उपयोग तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपचा. गटात एक असला तरी पुरे. तो २० ते ३० पटींवर ठेवा; ६० पटींवर फक्त थरथरती हवा मोठी दिसते.

नवी दुर्बीण धूसर दिसते अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा ती डोळ्यांना जुळवलेलीच नसते. एकदाच हे करा:

१. चष्मा लावत असाल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत फिरवा, नसाल तर बाहेर काढा.

२. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होऊ द्या.

३. उजव्या बाजूचं पुढचं भिंग तळहाताने झाका. दोन्ही डोळे उघडे ठेवून, लांबच्या एखाद्या पाटीवर मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्वच्छ करा.

४. आता डावं भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. ही खूण लक्षात ठेवा; पुढे फक्त मधलं चाक वापरायचं.

पक्षी दुर्बिणीत सापडत नसेल तर नजर पक्ष्यावरून हलवू नका, मान स्थिर ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. खाली बघून दुर्बीण उचलली की जागा हरवतेच.

अंगावर आणि पिशवीत

निफाडचा पारा राज्यात अनेकदा सर्वांत खाली जातो, आणि पाण्याकाठी वारा असतो. कानटोपी, पातळ स्वेटरवर वारा अडवणारं जॅकेट, म्हणजे ऊन चढल्यावर एकेक थर उतरवता येतो. रंग मातकट, खाकी, शेवाळी. पांढरा शर्ट उघड्या काठावर लांबून उठून दिसतो. पायात जुने बूट किंवा गमबूट. काळ्या मातीच्या काठावर वरची पापडी वाळलेली दिसते, पण खाली पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पापडीवर भेगा नसतील आणि ती चकाकत असेल तर तिच्यावर पाय टाकू नका. पिशवीत लिटरभर पाणी, भाकरी किंवा चिक्की, वही-पेन्सिल, भिंग पुसायचं कापड. पेन्सिलच घ्या, दवाने ओल्या पानावर पेन चालत नाही. थंड भिंगावर श्वासाने बाष्प धरलं तर शर्टाने पुसू नका. धुळीचे कण भिंगाला ओरखडे पाडतात. दोन मिनिटं थांबा, ते आपोआप जातं.

ओळख: रंग शेवटी

पहिली पाच मिनिटं दुर्बीण न लावता पाहा. कोण गाळावर, कोण काठाच्या गवतात, कोण उघड्या पाण्यावर? काय करतोय? मग आकार, चोच, पाय. रंग सगळ्यांत शेवटी.

बदकांमध्ये आधी दोन गट करा. पाण्यावर उंच तरंगणारी, शेपटी वर असलेली ती डोकं बुडवणारी. पाण्यात खोल बसलेली, शेपटी पाण्याला टेकलेली ती बुडी मारणारी. थापट्याची चोच फावड्यासारखी, पाण्याला टेकलेली. मादीही तिच्यावरून ओळखता येते. तलवार बदकाची मान लांब, शेपटी टोकदार. विजनचं डोकं गोल आणि चोच आखूड. नराच्या कपाळावर फिकट पिवळसर पट्टा. गडवाल नर लांबून राखी दिसतो, पण मागचा भाग कोळशासारखा काळा आणि पंखावर पांढरा चौकोन. सगळ्यांच्या माद्या तपकिरी, म्हणून पंखावरचा रंगीत पट्टा पाहायला शिका: कॉमन टीलचा हिरवा, गडवालचा पांढरा. पक्षी पंख ताणतो किंवा उडतो तेव्हा तो दिसतो, एरवी वाट पाहावी लागते. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका असलेलं हळदीकुंकू बदक स्थलांतरित नाही, ते इथलंच. अडई आणि नकटाही इथलेच.

वारकरी बदक नाही. काळा देह, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा टिळा. यादीत त्याला बदकांत मोजण्याची चूक फार होते.

गाळावरच्या पक्ष्यांना नवशिके घाबरतात, आणि ते साहजिक आहे, सगळेच तपकिरी-राखी. तीन प्रश्न पुरतात. चोच डोक्यापेक्षा लांब की आखूड? पाय कोणत्या रंगाचे? चालतो कसा? थांबून, धावून, पुन्हा थांबून टिपणारा, आखूड चोचीचा तो चिखल्या. त्याच्या डोळ्याभोवती ठळक पिवळं कडं आणि गळ्यात पूर्ण काळा पट्टा असेल तर छोटा कंठेरी चिखल्या. सतत शेपटी वर-खाली करत काठाने फिरणारा, खांद्याजवळ पांढरी खाच असलेला तो तुतवार. चोच सुईसारखी सरळ व बारीक असेल तर मार्श सँडपायपर. तशाच पण मोठ्या पक्ष्याची चोच जाड व किंचित वर वळलेली असेल तर ग्रीनशँक. चोच ठळकपणे वर वळलेली आणि अंग काळं-पांढरं असेल तर उचाट्या. पाणलावा दिसत नाही, पायाखालून उडतो. ओल्या गवताच्या कडेला स्थिर नजरेने पाच मिनिटं पाहिलं तर पाठीवरच्या पिवळसर रेघांवरून सापडतो.

काठावरची पाणकणसं विसरू नका. जमिनीलगत, शेपटी उभारून धावणारा शंकर (ब्लूथ्रोट) हा छोटा पक्षी तिथेच असतो. नराच्या गळ्यावर निळा पट्टा आणि त्यात तांबडा ठिपका.

सगळा थवा अचानक उठला तर थव्याकडे पाहत राहू नका, वर पाहा. पंख इंग्रजी व्ही सारखे किंचित उचलून पाणकणसावरून तरंगणारा दलदल ससाणा असतो. मादी गडद तपकिरी, डोकं मलईच्या रंगाचं.

मोजणी

"खूप बदकं होती" ही नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी एकेक मोजा आणि ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरा. त्या मापाने शंभरचा गट ठरवा, मग शंभराचे किती गट बसतात ते मोजा. थव्याची दाटी सगळीकडे सारखी नसते, म्हणून दाट आणि विरळ भागांसाठी वेगळी मापं घ्या. दोघांनी स्वतंत्र मोजून मग आकडे ताडावेत. उडत्या थव्याचा आधी फोटो काढा, घरी मोजा.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना सुरुवातीची वेळ, किती चाललात आणि किती वेळ दिला हे भरा. ओळखलेले सगळे पक्षी टाका, कावळा-चिमणीसह. तरच ती यादी पूर्ण धरली जाते. न ओळखलेलं बदक "बदक, जात अनिश्चित" असंच लिहा. मर्लिन ॲपने आवाजावरून सुचवलेलं नाव पक्षी न पाहता यादीत टाकू नका. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, फेब्रुवारीच्या मध्यात ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे चार दिवस असतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा.

पायात कडी किंवा मानेत पट्टा असलेला पक्षी दिसला तर रंग, त्यावरची अक्षरं-आकडे, कोणता पाय, जागा आणि तारीख टिपून मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा. मंगोलियात मानेत पट्टा घातलेले पट्टकादंब भारतात अनेकदा दिसले आहेत. अशा एका नोंदीतून हजारो किलोमीटरचा प्रवास कळतो.

होडी आणि अंतर

होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट मागा आणि घाला, मुलांना सर्वांत आधी. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. वारा वाढला की परत फिरायचं, पैसे दिले असले तरी. होडीत उभं राहून फोटो काढायचे नाहीत.

पक्षी आधी इशारा देतात. चरणं थांबतं, माना वर होतात, सगळे एका दिशेने चालू लागतात. त्यानंतरची पायरी उडण्याची. माना वर झाल्या की होडी थांबवा. पुन्हा चरू लागले तर तेच तुमचं योग्य अंतर. थव्यापासून शंभर-दीडशे मीटरवर इंजिन बंद करायला सांगा. "उडवून दाखवतो" म्हणणाऱ्या नावाड्याला स्पष्ट नकार द्या, आणि न उडवता फिरवणाऱ्याला ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे द्या. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी इथे खाऊन परतीच्या प्रवासाची चरबी साठवतो. दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उडवला तर ती चरबी इथेच खर्च होते.

ड्रोन नको, मोबाइलवर आवाज वाजवणं नको. जाळ्यात अडकलेला किंवा जखमी पक्षी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. एका ठिकाणी अनेक मेलेले दिसले तर लगेच कळवा.

फेब्रुवारीच्या शेवटी बदकं विरळ होऊ लागतात, तरी दुर्बीण आवरून ठेवू नका. गार्गनी नर तेव्हा पांढऱ्या ठळक भुवईसह पूर्ण रंगात येतात, उजनीचा गाळ आणखी उघडा पडत असतो आणि संध्याकाळी पाण्याकाठच्या काटेरी झाडांवर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे उतरू लागतात.